थिनर आहे ना, काका?

९ जानेवारी, सोमवार

पाठवलीच शेवटी! शिकाऊ म्हणून एक पोरगी. रसायनशास्त्राची पदवी, नवे कोरे बूट, हातात वही. हिरवा साहेब स्वतः घेऊन आला. पर्यावरण विभागाचा साहेब — हेल्मेट हिरवं, फाईल हिरवी, पेनसुद्धा हिरवं, म्हणून आम्ही सगळे हिरवाच म्हणतो. अक्कलही अजून हिरवीच आहे, पिकायची बाकी. म्हणाला, "हे आपले नाकवाले काका. सव्वीस वर्षं सांडपाण्यावर आहेत. मीटर राहू दे, यांचं नाक शिकून घे."

तिला काम समजावून दिलं. गाड्या रंगवल्या-धुतल्याचं सगळं पाणी आधी छोट्या टाकीत येतं. झाकण उचलायचं, वास घ्यायचा. ठीक असेल तर झडप उघडून पाणी मोठ्या टाकीत सोडायचं. मोठ्या टाकीत जिवाणू असतात, ते घाण खातात. रंगखात्यातल्या एखाद्या शहाण्यानं नाल्यात थिनर ओतलं आणि ते पुढे गेलं, की जिवाणू खलास! आमच्या मीटरला थिनर कळत नाही. नाकालाच कळतं.

सगळं लिहून घेतलं बयेनं. मी शिंकलो असतो तर तेही लिहिलं असतं.

१० जानेवारी, मंगळवार

सकाळी झाकण उचललं, वाकलो, म्हटलं, "साबण. सोड पाणी." ही जागची हलेना! स्वतः वाकली, माझ्या तोंडाकडे बघितलं, परत वाकली. मग हळूच — "काका, थिनर आहे ना?"

म्हटलं, "परीक्षा घेत होतो तुझी. पास." झडप उघडली नाही.

११ जानेवारी, बुधवार

परीक्षा कसली डोंबलाची! मला वास आलाच नाही. गेल्या वर्षीच्या तापानंतर येतच नाही. झालं, लिहून टाकलं एकदाचं. आजवर नशिबानं निभावलं. घरीही पत्ता नाही. परवा दूध करपलं तेव्हा बायको ओरडली, "अहो, शेजारी बसून वास कसा येत नाही तुम्हाला?" म्हटलं, पेपर वाचत होतो. हे बाहेर फुटलं तर नाकवाल्याचं नाकच कापलं जाईल. मग जा पार्किंगमध्ये शिट्ट्या वाजवायला. सव्वीस वर्षांनी! त्यापेक्षा मेलेलं बरं.

१९ जानेवारी, गुरुवार

पोरगी बडबडी निघाली. रोज मी वाकलो की हिचं तोंड सुरू — "काका, आज नुसता साबण ना?" "काका, आज ऑईलचा वास जास्त ना?" सारखं आपलं ना, ना, ना! मी नुसतं "हं" म्हणतो, आणि ती म्हणेल तसं झडपेचं करतो. तिला वाटतं काका तपासून बघतायत. बावळट! तिच्याच नाकावर माझं नाक चाललंय आणि तिला गंधवार्ता नाही. आंधळा मागतो एक डोळा!

२ फेब्रुवारी, गुरुवार

मनुष्यबळ विकास. म्हणजे काय, तर थंडगार खोलीत चाळीस माणसं कोंबायची आणि एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवायची. विषय — "हरित कौशल्य". पाणी प्लास्टिकच्या बाटलीत, चहा कागदी कपात, कपांचा ढीग कोपऱ्यात. बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. तुम्ही झाड असतात तर कोणतं असतात? काढून दाखवा." छप्पन्न वर्षांच्या वेल्डरनं केळीचं झाड काढलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या! नाकानं कांदे सोलणारी माणसं ही, यांनी आम्हाला घाण शिकवायची. शेवटी प्रत्येकाला प्रमाणपत्र. वेल्डरनं त्यावर बिस्किटं ठेवून खाल्ली.

बडबडीनं तिथेही हात वर केला. विचारते, "रंगखात्यातल्या लोकांना नाल्यात थिनर ओतू नका असं कुणी शिकवलंय का?" बाई म्हणाल्या, छान प्रश्न. आणि पुढचं चित्र लावलं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

हरित सप्ताह सुरू. फाटकापासून कँटीनपर्यंत फलक, तेही प्लास्टिकचे. बुधवारी मोठे साहेब रोप लावणार. खड्डा तोच. दरवर्षी तोच! माळी म्हणाला, "काका, खणायला सोपा जातो."

१५ फेब्रुवारी, बुधवार

टाकी मेली.

रोप लावताना फोटोत महिला शिकाऊ पाहिजे म्हणून हिरवा स्वतः धावत आला न्यायला. जाताना ती मागे वळून म्हणाली, "काका, मी येईपर्यंत झडप उघडू नका ना."

मस्तकात तिडीक गेली. कालची पोर, मला सांगते! छोटी टाकी भरत आली होती. झाकण उचललं, वाकलो, शपथेवर सांगतो, फुफ्फुसं फुटेपर्यंत श्वास घेतला. काही नाही. काहीच येईना. तिकडे टाळ्या वाजत होत्या. उघडली झडप.

दुपारपर्यंत मोठ्या टाकीवर पांढरा फेस, कमरेइतका. थिनर. नाकवाले काका!

१६ फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी झाली. हिरवा, मनुष्यबळवाला आणि आम्ही दोघं. "झडप कुणी उघडली?" तोंडातून निघून गेलं — "फोटोला जाताना ही उघडी ठेवून गेली."

ती माझ्याकडे बघत राहिली. आता बोलेल, आता बोलेल, असं वाटत होतं. एरवी एवढं तोंड चालतं! एक अक्षर बोलली नाही. हिरवा म्हणाला, "म्हणून म्हणतो, अनुभवाला पर्याय नाही." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या!

तिची बदली कँटीनच्या कचऱ्यावर. ओला वेगळा, सुका वेगळा. शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र रोखून ठेवलं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिचीच चूक. गप्प बसायला कुणी सांगितलं होतं?

२३ फेब्रुवारी, गुरुवार

टँकरनं दुसऱ्या कारखान्यातून जिवाणू आणलेत. टाकी उभी राहायला अजून दोन-तीन आठवडे. तोवर सांडपाणी बाहेर पाठवायचं आणि हिरव्यानं अहवालात "देखभाल" लिहायचं.

सकाळी सवयीनं झाकण उचलतो. कोणी वटवट करत नाही. बरं वाटायला पाहिजे होतं. कँटीनच्या मागून जाताना ती दिसली, हातमोजे घालून उष्टं निवडत होती. मी दुसऱ्या वाटेनं गेलो. सत्तावन्नाव्या वर्षी एका पोरीला चुकवत हिंडतो. थू!

१० मार्च, शुक्रवार

टाकीत जीव आला. पाणी तपकिरी झालंय, हवं तसं. सोमवारपासून पुन्हा झडप माझ्या हातात. हिरवा म्हणतो, नवी शिकाऊ देतो. म्हटलं, नको. तो म्हणाला, काका, तुमची विद्या तुमच्याबरोबर जायला नको.

विद्या! हसू की रडू?

१३ मार्च, सोमवार

आली. ही मुखदुर्बळ, मान वर करत नाही. मी झाकण उचललं, वाकलो. बाजूला येऊन वाकली आणि चाचरत म्हणाली, "थिनर आहे ना, काका?"

झडपेवरचा हात काढला. विचारलं, "हे असं बोलायला कुणी शिकवलं?"

"कचऱ्यावरच्या ताईंनी. म्हणाल्या, काकांना वास येत नाही. पण तसं म्हणायचं नाही. रोज आधी आपण बोलायचं, आणि पुढे ना लावायचं."

"कधीपासून माहीत होतं तिला?"

"दुसऱ्या दिवसापासून, म्हणाल्या."

"अजून काय म्हणाली?"

तिनं वही उघडली. लिहून घेतलं होतं, तिनंही! बोट ठेवून वाचलं —

"काकांसाठी नाही. टाकीसाठी."