पंख्यावरचा डाग

लुडविग्सहाफेन, ९ ऑक्टोबर १९५८, संध्याकाळ

घरमालकीणबाईंचा चिनी पंखा आज मी बिघडवला. त्यांच्या दिवंगत नवऱ्याने शांघायहून आणलेला, घडीचा. कागदावर एका बाजूला शाईची बांबूची पानं, दुसऱ्या बाजूला चित्रकार मित्राने लिहून दिलेली कविता. कडेच्या बांबूच्या काडीवर तपकिरी डाग होता. मी पडलो केमिस्ट! न विचारताच आधी स्पिरिट, मग बारीक सँडपेपर. डाग साफ गेला, आणि मी खूश.

बाईंनी त्या जागेवर बोट ठेवलं. "इथे त्यांचा अंगठा असायचा. हाताळून बांबूला असा रंग चढतो. चिनी लोक त्यालाच मोल देतात."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट मलाच कॉफी दिली. तो डाग... विचारायला काय झालं होतं मला?

पंखा आता अगदी नवा दिसतो. कुणाचाच नसल्यासारखा.