एक्स्चेंजच्या मुली आणि हॉलमधला फोन

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी चष्मा शोध, मग खुर्चीत नीट बैस आणि मगच पुढे वाच, कारण बातमी मोठी आहे. तुझी नात भिंगरी हिच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम फायनलला पोचली आहे आणि फायनल आमच्या गावात आहे, त्याच हॉलमध्ये, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. तिनेच मला फोन करून सांगितलं. आजीला सांगितलंस का म्हणून विचारलं, तर म्हणाली की आजीने आधी पाठ थोपटली आणि हॉलचं नाव ऐकल्यावर गुडघा धरून आत जाऊन पडली. ताई, तुझ्या गुडघ्याला मी लहानपणापासून ओळखतो. तो सोयीच्या वेळीच दुखतो.

त्या हॉलचं नाव काढायचं नाही अशी शपथ तू मला घातली होतीस. इतकी वर्षं पाळली, आज मोडतोय. फोनवर बोललो असतो, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून कान किटले म्हणून तू फोन उचलतच नाहीस. तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही.

ताई, मी सहसा कशाने भारावणारा माणूस नाही. रोज लोकांची पोटं मोजणाऱ्या शिंप्याला माणसाचा फार आदर उरत नाही. पण तुमची टीम आठवली की हातातली कात्री अजून थांबते. गावाने तुम्हाला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. एक्स्चेंजला नंबर मागितला की रोज तुमचेच आवाज. तुझ्या मैत्रिणींपैकी शिडीचा खर्जातला, लवंगेचा टाचणीसारखा, आणि तुझा तो शांत आवाज, समोरच्याने कितीही आरडाओरडा केला तरी जागचा न हलणारा. एक्स्चेंजच्या मुलींनी टीम काढली आणि पहिल्याच मॅचला हॉल भरला, तो काही खेळ बघायला भरला नव्हता. कोणत्या आवाजाला कोणता चेहरा, हे बघायला लोक आले होते. खर्जातला आवाज कुणा जाड्या, ठेंगण्या बाईचा असणार अशी औषधवाल्याची पैज होती. शिडी रिंगखाली जाऊन उभी राहिली आणि त्याने मुकाट्याने सगळ्या बाकाला चहा पाजला.

कपडे मी शिवले होते. स्कर्ट गुडघ्याखालीच हवा अशी आईची अट होती. मी आतून इतक्या चुण्या घातल्या की धावताना तो हवा तेवढा फुलायचा आणि थांबलं की आईच्या मनासारखा खाली यायचा. मला वाटत होतं की टीमच्या यशात निम्मा वाटा माझ्या चुण्यांचा. मग पोलिसांच्या टीमशी मॅच झाली आणि माझा भ्रम फिटला. तू मागे न बघता पाठीमागून चेंडू सोडलास आणि तिथे लवंग होतीच. त्यांच्या कोचने आ वासलेला मी पाहिला. तुम्हाला बघायची गरजच नव्हती. बोर्डवर बसून दोन्ही हातांनी वायरी खोचायच्या, डोळा एका दिव्यावर, कान दुसऱ्याच माणसाकडे, हे तुमचं रोजचं काम. खेळतानाही तुम्ही बोर्डवरचीच भाषा बोलायचात. जोडते म्हटलं की चेंडू येणार, थांबा म्हटलं की धरून ठेवायचा. समोरच्या टीमला ते पाठ झालं होतं, तरी काही उपयोग नव्हता.

सलग सात वर्षं कप तुमचा. मॅचच्या दिवशी बोर्डवर नवख्या मुली बसायच्या आणि गावातले फोन भलत्याच घरी लागायचे. पण तक्रार करणार कोण, सगळे हॉलमध्ये. दुकानं अर्ध्या दुपारी बंद. मी तर गिऱ्हाइकाला एका बाहीवर उभं ठेवून आलो होतो एकदा, तोही मागोमाग आला, एका बाहीनेच.

आता तुझ्या रक्ताची पोर त्याच फळ्यांवर धावणार आहे. ये. लोभ आहेच, त्याला जरा पाय फुटू देत.

तुझा धाकटा,
बटण

*

ता. ९ ऑगस्ट

चि. बटण यास अनेक आशीर्वाद.

लहानपणी बटण गिळलंस तेव्हाच खरं तर तुझं तोंड कायमचं बंद व्हायला हवं होतं. शपथ मोडलीस ती मोडलीस, वर चार पानं. पानं मी दोनदा वाचली, हे कबूल करते. एका बाहीचा माणूस मी विसरूनच गेले होते.

पण तू सात वर्षांचं रसभरीत सांगतोस आणि आठव्याचं गिळतोस. मग मीच सांगते. नर्सेसच्या टीमशी फायनल होती. आपण एका गुणाने पुढे, चेंडू आपल्याकडे, खेळ संपत आलेला. काही करायचं नव्हतं, नुसता धरून ठेवायचा होता. लवंगेने माझ्याकडे पास टाकला आणि तेवढ्यात हॉलच्या ऑफिसात फोन वाजला. मी मान वळवली. इतकी वर्षं घंटी वाजली की वळायचं, एवढंच शिकलेली मान ती. चेंडू माझ्या कानाजवळून गेला तो थेट त्यांच्या कॅप्टनच्या हातात. तिने बास्केट केला आणि आपण एका गुणाने हरलो.

हॉल हसला ते मी समजू शकते. मीही हसले असते. पण त्यानंतर बोर्डवर बसले की लोक नंबर मागण्याआधी हसायचे. एकाने तर विचारलं की बाई, त्या दिवशीचा फोन अखेर लागला का. मी त्याला हवा तो नंबर नम्रपणे जोडून दिला आणि मोरीत जाऊन रडले. महिन्याभरात बदली मागून घेतली. शिडी, लवंग कितीदा भेटायला आल्या, मी धड बोलले नाही. सात कप एका पारड्यात आणि एक मान दुसऱ्या पारड्यात. ते कुठे झुकतं हे मी रोज बघते.

आजी थोडंफार खेळायची, एवढंच भिंगरीला माहीत आहे. मी आले आणि कुणी जुन्या माणसाने ओळखून त्या फोनची आठवण काढून चेष्टा केली, तर ते पोरीच्या डोक्यात बसेल, तेही फायनलच्या दिवशी. तिला हलक्या डोक्याने खेळू दे. माझं काय, गुडघा आहेच.

माया होती तशीच आहे. फक्त ती घरी बसून करणार.

तुझी ताई

*

ता. १४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर काजं उलटी करत बसलो. तुला वाटतं तू मान वळवलीस. अगं, तू फक्त तुझी मान धरून बसली आहेस. मी गॅलरीत होतो, मी पाचही पाहिल्या.

घंटी वाजली आणि रिंगखालची शिडी, पास टाकून मोकळी झालेली लवंग, मधे तू, कडेच्या दोघी, पाचही माना एका क्षणी एका बाजूला वळल्या. कोणी अर्धा श्वास आधी नाही, कोणी नंतर नाही. दोन बाह्या सारख्या यायला किती जीव काढावा लागतो ते मला विचार. आणि इथे पाच जणी, कोणी न सांगता, एकीसारख्या एक. लोक हसले तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. ज्या कानांनी सात कप आणले त्याच कानांनी आठवा घालवला, वेगळे कान कुठून आणणार होतात तुम्ही? त्या दिवशी मला कळलं की मी इतकी वर्षं नक्की काय बघत होतो.

आणि आता जे सांगतो ते तुझ्या शपथेमुळे पोटात राहिलं. तू बदली घेऊन गेलीस त्याच्या पुढच्या हंगामाची पहिली मॅच. नर्सेसची कॅप्टन, जिला आपण मेट्रन म्हणायचो, ती चेंडू खाली ठेवून ऑफिसात गेली. फोनचा रिसीव्हर काढून तिने टेबलावर आडवा ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली की असा कप मला पुन्हा नको. सगळा हॉल उभा राहिला. तेव्हापासून, ताई, त्या हॉलमध्ये एकही मॅच रिसीव्हर काढल्याशिवाय सुरू झालेली नाही. मॅनेजर बदलले, फोनही बदलले. ऑफिसच्या खिडकीतून हात दिसतो, रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, लोक उभे असतात आणि मगच रेफरी चेंडू उडवतो. बहुतेक नव्या मुलांना कारणही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढंच सांगतात की इथे एक टीम खेळायची.

तू ज्या हॉलला घाबरतेस तो तुमच्यासाठी उभा राहतो. आता तरी ये. नाहीतर माझा लोभ तुझ्या दारात येऊन बसेल आणि त्याला रोज दोन वेळा चहा लागतो.

तुझा,
बटण

*

ता. १९ ऑगस्ट

चि. बटण यास आशीर्वाद.

थाप मारताना तरी माप घेत जा. म्हणे हॉल उभा राहतो. माझं मन राखायला तू काहीही शिवशील, चुण्यांपासून तुझी ही सवय आहे.

भिंगरीच्या जर्सीचा खांदा उसवला आहे. टीम रविवारी सकाळी पोचेल, तेव्हा ती दुकानात येईल. दोन टाके मार. तेवढं केलंस तरी माझी मॅच बघून झाली असं समज.

ताई

*

ता. ३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तू गावात आलीस, टीमच्या बसमधून आलीस आणि सख्ख्या भावाला पत्ता नाही. भिंगरी सकाळी खांदा शिवून घेऊन गेली, पण तोंडातून अक्षर नाही. शेवटी नात कोणाची.

मी नेहमीसारखा गॅलरीत, शेजारी औषधवाला. आता त्याला दिसत नाही फारसं. लोक उभे राहिले, खिडकीतून मॅनेजरचा हात दिसला, रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लोक पुन्हा बसले, रेफरीने चेंडू उचलला, पण घड्याळ अडलं म्हणून थांबला आणि काही वेळाने त्याच खिडकीत दुसरा हात आला. त्या हाताने रिसीव्हर उचलून परत फोनवर ठेवला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. इतक्या वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. मग खिडकीतून डोकं बाहेर आलं आणि मुलींना म्हणालं की खेळा, फोनवर मी आहे.

मी ओळखण्याआधी औषधवाल्याने ओळखलं. चेहरा त्याला दिसलाच नाही. तो आवाज ऐकून माझा दंड धरून उभा राहिला. मग मागचे जुने लोक उभे राहिले, मग बाकीचे. कोणी हसलं नाही, ताई. टाळ्यासुद्धा बऱ्याच वेळाने वाजल्या. मी नाक पुसत होतो, त्यामुळे सुरुवातीचे दोन बास्केट माझे हुकले.

आणि अगदी शेवटी, दोन्ही टीम अटीतटीला आलेल्या असताना, फोन वाजला. मी डोळे गच्च मिटून घेतले. एकच घंटी झाली. डोळे उघडले तर रिसीव्हर तुझ्या कानाला आणि तू बोलत होतीस, मॅच संपेपर्यंत बोलतच होतीस. कोण होतं एवढं? मी खाली उतरेपर्यंत बस सुटली होती, आणि गावभर मला हाच प्रश्न विचारतायत. लवकर कळव, माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

तुझा,
बटण

*

ता. ४ सप्टेंबर

चि. बटण यास अनेक आशीर्वाद.

तुला न भेटता गेले, रागावू नकोस. भेटले असते तर रडले असते, आणि मुली आधीच हरलेल्या होत्या.

मी तुझी थाप पकडायला आले होते. भिंगरीला कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलं आणि डोक्यावरून शाल घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने सगळे उठले. मला वाटलं कोणी मोठा माणूस आला, म्हणून मीही उठले. शेजारच्या बाईला विचारलं की कोण आलंय. ती म्हणाली की कोणी नाही, इथे पूर्वी एक्स्चेंजच्या मुली खेळायच्या, त्यांच्यासाठी उभं राहतात. मग तिने मला माझीच गोष्ट सांगितली. न बघता दिलेले पास, शिडी, लवंग, पाच माना, सगळं. तिचा जन्मही तेव्हा झाला नसेल. आम्ही हरलो, हे सांगायला ती विसरली. मी तिला आठवण करून दिली नाही.

त्यानंतर बसवेना. ऑफिसपर्यंत चालत गेले, गुडघा दुखला नाही. मॅनेजरला मी कोण ते सांगितलं, तर बिचाऱ्याने खुर्चीच रिकामी करून दिली. टेबलावर आडवा पडलेला तो रिसीव्हर बघून मला कसंतरीच झालं. आमच्यासाठी इतकी वर्षं तो तसा निजवून ठेवत होते लोक. पण बटण, फोन असतोच वाजण्यासाठी. त्या दिवशीही तो वाजला यात काही चुकलं नव्हतं. उचलायला कोणी नव्हतं, कारण उचलणाऱ्या सगळ्या खेळत होत्या. म्हणून परत ठेवला आणि बसले ड्यूटीवर.

फोनवर एक गृहस्थ होते. मुलीच्या लग्नाला हॉल मिळेल का आणि खुर्च्या किती आहेत, हे विचारत होते. मी त्यांना सांगितलं की मॅच चालू आहे, थांबा. तर ते विचारायला लागले की कोण पुढे आहे. मग मी खिडकीतून बघत बघत त्यांना सगळा खेळ सांगितला. तीन गुणांनी आपण हरलो तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त हळहळले. खुर्च्यांचं विचारायचं राहूनच गेलं. तेव्हा गावाला सांग की हरलो, पण फोनमुळे नाही.

एक गोष्ट गॅलरीतून तुला दिसली नाही, कारण तू डोळे मिटले होतेस. घंटी वाजली तेव्हा चेंडू भिंगरीकडे येत होता. माझा हात फोनवर आणि डोळे तिच्या मानेवर. मान हलली नाही. तिने चेंडू घेतला आणि टाकलाही.

बसमध्ये तिला विचारलं की घंटी ऐकू आली नव्हती का. म्हणाली की चांगली मोठ्याने आली. मग मान कशी वळली नाही, असं विचारलं. तर म्हणाली, त्यात काय, आजी तू होतीस ना तिथे. आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

औषधवाल्याला नमस्कार सांग. शिडी आणि लवंगेचे पत्ते मला पाठव. आणि यापुढे कधी पत्र लिहायचा कंटाळा आला तर फोन कर. मी उचलीन.

तुझी,
ताई