पालव्यांची चाल आणि तानुबाईंची चाल

मानवत,
रविवार, सकाळ

तीर्थरूप बन्सीधर दादा यांना,

योगीराजचा वाकून नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि पट्टी निघाली, हे ऐकून घरात सगळ्यांना बरं वाटलं. डॉक्टरांनी बारीक अक्षर वाचू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळं मी मुद्दाम मोठं लिहितोय. कागद जास्त लागतील, मजकूर बेताचाच आहे (असा माझा अंदाज). वहिनींना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा आणि चष्मा मिळेपर्यंत गाडी चालवू नका. इकडं सगळे मजेत आहेत. कापूस यायला लागलाय, आडतीवर गर्दी आहे, त्यामुळं लिहायला उशीर झाला.

भक्तीच्या साखरपुड्याला तुम्हाला येता आलं नाही याची रुखरुख आहेच. नंतर तुमच्या बहिणीनं तुम्हाला फोनवर सांगितलं की, "ह्यांनी आन् धम्मानंद सरांनी मिळून पोरीच्या साखरपुड्याची मयत केली." मी शेजारच्या खोलीतच होतो. वाक्य खोटं नाही. पण त्यात कारणं आलेली नाहीत, आणि कारणं कळल्याशिवाय तुमच्यासारख्या शांत माणसाचं माझ्याविषयीचं मत बनू नये, म्हणून हे पत्र.

मला आणि धम्मानंदला (आमच्या मागच्या गल्लीत राहतो, हायस्कुलात गणित शिकवतो, त्याच्या मुलीच्या लग्नात तुम्ही त्याच्याबरोबर पत्ते कुटत बसला होतात) संगीतकार विश्राम पालवे यांच्या पार्श्वसंगीताचा नाद आहे, हे तुम्ही जाणताच. गाण्यांचा नाही. गाणी कुणीही ऐकतं. आम्ही ऐकतो ते गाण्यांच्या मधलं. नायिका विहिरीवर जाते, पाटील जिना उतरतो, पत्र येतं आणि ते कुणी उघडत नाही, तेव्हा मागं जे वाजतं ते. रविवारी दुपारी धम्मानंदच्या घरी बसायचं, मोबाईल डब्यात ठेवायचा (आवाज मोठा होतो), सिनेमा लावायचा आणि डोळे मिटायचे. तुमच्या बहिणीचं म्हणणं असं की, डोळे मिटून सिनेमा पाहणारी माणसं तिनं फक्त आमच्याच गल्लीत पाहिली. असो. या रविवारांतून आमचा अभ्यास बराच पुढं गेलाय. उदाहरणार्थ, ‘तिसऱ्या फाट्यावर’ या सिनेमात निर्मात्याकडं पैसा नव्हता, म्हणून पालव्यांना एकच बासरीवाला मिळाला. ‘बोरगडची चौकी’ला व्हायोलिनांचा सगळा ताफा होता. पण वाईट बातमी यायच्या आधी पालवे दोन्हीकडं सगळं बंद करतात. फक्त एक टाळ वाजतो, लांबून. ताफा असो नसो, माणूस तोच. हे मी धम्मानंदला दाखवून दिलं आणि त्यानं मान्य केलं. इथपर्यंत आमच्यात काही बिघाड नव्हता.

बिघाड झाला तो ‘पाणमळा’ आणि ‘सुनेचा हुकूम’ यांच्यामुळं. ‘पाणमळा’त म्हाताऱ्या बापाला बांधावरून नेतात, तेव्हा एक सारंगी वाजते. ती ऐकून मी दर वेळी रडलोय आणि त्याची मला लाज वाटत नाही. ‘सुनेचा हुकूम’मध्ये सासऱ्याचं धोतर तोंडात धरून बकरी पळते आणि सासरा तिच्या मागं सगळ्या गावातून धावतो, तिथं क्लॅरिनेट वाजतो. माझं म्हणणं, दोन्ही चाली एकच आहेत. सारंगीची चाल जोरात पळवली की बकरी, आणि बकरी दमली की बाप. धम्मानंदचं म्हणणं, पालव्यांसारखा माणूस बापाच्या मयतीची चाल बकरीला देणार नाही. मी म्हटलं, सूर तेच आहेत. तो म्हणाला, सूर तेच असले म्हणून चाल तीच होत नसते; त्याच अंकांनी दोन वेगळ्या संख्या होतात. (गणिताच्या माणसाशी वाद घालू नये. त्याला उदाहरणं लगेच सापडतात.) शब्दाला शब्द वाढला. त्यानं मला "तुला फक्त सारखं दिसतं, फरक ऐकूच येत न्हाई" असं म्हटलं. मी डबा घेऊन घरी आलो. (डबा आमचाच होता.) पुढचे काही रविवार मी घरीच काढले आणि ते फार लांब गेले.

याच दिवसांत भक्तीचं जमलं. मुलगा सेलूचा, बालाजी, तलाठी आहे, निर्व्यसनी. वडील परमेश्वरराव, शेती बरी, माणूस करडा. त्यांची थोरली बहीण तानुबाई, म्हणजे मुलाची आत्या. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. साखरपुडा इथंच हॉलवर ठरला. बँड आपल्या लिंबाजींचा. मी सुपारी द्यायला गेलो तेव्हा लिंबाजींच्या हातात क्लॅरिनेट होता, आणि तिथं माझ्या डोक्यात ते आलं. मी त्यांना मोबाईलवर ‘पाणमळा’ ऐकवला आणि विचारलं, हे जोरात वाजवता येईल का? लिंबाजी म्हणाले, काहीही जोरात वाजवता येतं. त्यांनी वाजवलं. दादा, हुबेहूब बकरी! मी तिथंच ठरवलं की पाहुण्यांचं स्वागत याच चालीवर करायचं. धम्मानंद साखरपुड्याला येणार होता (वाद माझ्याशी, भक्तीशी नाही, तिला दहावीचं गणित त्यानंच शिकवलंय). भर रस्त्यात ‘सुनेचा हुकूम’ ऐकू येईल, तो खूश होऊन बघेल, आणि मग मी त्याला हळूच सांगीन की बाबा, लिंबाजींना मी ‘पाणमळा’ दिला होता. पोरीच्या साखरपुड्यात बापानं एवढाच विचार करायला नको होता, हे तुमच्या बहिणीचं म्हणणं मला आता पटतं.

त्या दिवशी हॉलकडं जाणारा रस्ता पाइपलाइनसाठी खोदलेला होता. पाहुण्यांच्या जीपा स्टँडजवळच थांबल्या आणि तिथून चालत यायचं ठरलं. तानुबाई उतरल्या. अंगानं भरलेल्या, दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी. मी मोटरसायकल पुढं केली. त्या म्हणाल्या, "भावाच्या पोराच्या साखरपुड्याला मी फटफटीवर येऊ का? चालत येते." मान त्यांचा, म्हणून त्या पुढं, त्यांच्यापुढं बँड, आणि मागं सगळं सेलू. लिंबाजींनी सुरुवात झकास केली. बकरी सुटली. पोरं नाचायला लागली. धम्मानंद मला पानाच्या टपरीजवळ दिसला, चेहरा खुललेला. मी त्याच्याकडं बघून हसलो. बऱ्याच दिवसांनी तोही हसला.

पण बँडवाल्यांची रीत अशी की मानकरी मागं राहिला तर त्यांनी पुढं जायचं नाही, आणि मानकऱ्याचं पाऊल पडेल तसा ढोल पडायचा. तानुबाईंचं पाऊल मला आधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या एक पाऊल टाकायच्या, काठी टेकायच्या, श्वास घ्यायच्या, मग दुसरं. ढोलवाल्यानं त्यांचं पाऊल धरलं. लिंबाजींनी ढोल धरला. चाल उतरायला लागली. बकरी धावायची ती चालायला लागली, मग उभी राहिली, आणि कापडाच्या दुकानांपाशी येईपर्यंत दादा, ती बकरी उरलीच नव्हती. बांधावरून बाप निघाला होता! तोच सूर, तसाच लांबवलेला. नाचणारी पोरं थांबली. हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. एक सायकलवाला खाली उतरला आणि मी फेटा बांधलेला असूनही त्यानं मला हळूच विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही, पाहुणे आलेत. तो म्हणाला, "आस्सं. मग कधी काढायचीय?"

मी लिंबाजींकडं बघून हातवारे केले, जोरात वाजवा म्हणून. त्यांनी डोळ्यांनीच मागं दाखवलं. तानुबाई एका दुकानाच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते परमेश्वररावांनीही पाहिलं. हॉलच्या दारात आल्यावर त्यांनी हात वर केला, बँड थांबला, आणि ते माझ्यावर कडाडले, "योगीराजराव, आमी सोयरीक करायला आलोत का खांदा द्यायला? हे ‘पाणमळा’तलं हाय. माझा बाप गेला त्या वर्षी पाह्यलाय मी तो सिनेमा. माझी बहीण रडायली बघा!"

आता इथं जे झालं ते मी जसं झालं तसं लिहितो. मी घाबरलो. माझ्या तोंडून निघून गेलं की, ‘पाणमळा’चा आणि ह्या चालीचा काडीचा संबंध नाही, दोन्ही साफ वेगळ्या आहेत, ऐकणाऱ्याला फरक कळला पाहिजे. आणि नेमक्या त्याच वेळी धम्मानंद गर्दीतून पुढं आला, मला वाचवायला, आणि मोठ्यानं म्हणाला, "परमेश्वरराव, चाल तीच हाय, शंभर टक्के तीच! पण हीच चाल ‘सुनेचा हुकूम’मध्ये बकरीला दिलीय, तवा तुमी ती बकरीची समजून घ्या." मग आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. परमेश्वरराव म्हणाले, "आधी तुमी दोघं ठरवा. तवर आमी जीपीत बसतो." आणि ते खरंच वळले. बालाजी बिचारा टोपी हातात घेऊन उभा. तुमची बहीण दारात, ओवाळणीचं ताट हातात घेऊन.

आम्ही पुरुष असे उभे असताना भक्ती आतून खुर्ची घेऊन बाहेर आली. नवरीनं असं यायचं नसतं, पण आली. तानुबाईंना बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "आत्या, रडायलाव कशामुळं?"

तानुबाई म्हणाल्या, "गुडघ्यामुळं. दुसरं काय?"

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि भावाला हाक मारली, "परमेश्वर, इकडं ये. कुठं चाललास? तुझ्या लग्नात वरात पुढं गेली आन् मी मागं राह्यले. लिंबगावच्या लग्नात तर मांडवात पोचले तवा जेवणं झाली होती. आजवर एक बँड माझ्यासाठी थांबला न्हाई. आज पयल्यांदा कुणी माझ्या चालीनं चाललं. मयताचं असंल न्हाई तर बकरीचं असंल, मला लय ग्वाड वाटलं. ह्या माणसांनी किती इचार केलाय, आन् तू जीपीत बसायलास?"

दादा, मी असा कसलाही विचार केलेला नव्हता, हे माझ्या तोंडावर आलं होतं. धम्मानंदनं माझा दंड इतका जोरात दाबला की ते तोंडावरच राहिलं. परमेश्वरराव परत आले. थोरल्या बहिणीपुढं त्यांचा करडेपणा कुठं गेला कळलं नाही. दारातून व्यासपीठापर्यंत त्यांनी तिला हाताला धरून नेलं, आणि लिंबाजींनी पुन्हा तीच चाल, तितकीच हळू वाजवली. साखर वाटली गेली. अंगठ्या झाल्या. नंतर मी तुमच्या बहिणीजवळ बसायला गेलो तर म्हणाली, "तुमी लांब बसा."

पंगतीत धम्मानंद माझ्या शेजारी बसला. जिलेबी आली. मग तो म्हणाला, "चारचौघांत कबूल केलंस, वेगळ्या हायत म्हणून." मी म्हटलं, तूही चारचौघांत कबूल केलंस, एकच आहेत म्हणून. त्यानं माझ्या पानात त्याची जिलेबी टाकली (त्याला साखर आहे, पण तरीही) आणि म्हणाला, "रविवारी डबा घेऊन ये."

तेव्हा कारणं ही अशी होती. साखरपुड्याची मयत झाली होती हे खरं, पण ती काही पावलांपुरतीच, आणि तीही तानुबाईंच्या मानासाठी ठरली. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांगावेत. थेंब विसरू नयेत. कागद संपत आला म्हणून हात आवरतो.

आपला,
योगीराज

ता. क. : एक लहानसं काम आहे, त्यासाठीच खरं तर कागद काढला होता. लग्न सेलूला आहे. तानुबाईंनी निरोप धाडलाय की बँड इथलाच पाहिजे आणि त्यांच्या चालीनंच चालला पाहिजे. पण तुमच्या बहिणीनं मला लिंबाजींच्या दुकानासमोरून जायलाही मनाई केली आहे. तुम्ही थोरले भाऊ आहात. तिला फोन करून म्हणावं की भाचीच्या लग्नात बँडची बाजू मामा सांभाळणार. तुम्ही नुसतं नाव घ्या. काय वाजवायचं ते मी तुम्हाला मागून सांगत जाईन. धम्मानंदनं पालव्यांचा एक तिसरा सिनेमा शोधलाय, त्यात हीच चाल बारशाला आहे. म्हणजे मी म्हणतो हीच आहे. तो म्हणतो नाही. मध्यम चालीत वाजवून बघायची आहे.

ता. क. दुसरा : दादा, पाकिटावर पत्ता घालायला ह्यांनी माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. पत्रातलं बहुतेक खरं हाय. तू बँडची बाजू घेऊ नकोस, डोळा सांभाळ. लिंबाजींकडं मी स्वतः जाऊन आले. तानुआत्यांना विचारून त्यांच्याच आवडीची दोन भजनं ठरवली, त्या चालतील तशी वाजतील. ह्या दोघांना लग्नात वाढप्यांवर लक्ष ठेवायचं काम दिलंय. भटारखाना मांडवाच्या पाठीमागं लांब हाय, तिथं बँड ऐकू येत न्हाई. मी उभी राहून बघितलंय. — मालन