शेवटचे पंधरा अंश

बाई,

सोमवारी अकरा वाजता मला एक लेखी निवेदन द्यायचे आहे. त्यात झाले ते लिहायचे की संचालकांनी सांगितलेले, हे शनिवारची दुपार उलटली तरी ठरत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षे झाली. तुम्ही असता तर कागद घेऊन बसले नसते. महानगर मोहल्ल्यातल्या तुमच्या घरी येऊन तुमच्यापुढे उभी राहिले असते आणि बोलणी खाऊन परत गेले असते.

विकास नगरच्या ज्या फिजिओथेरपी केंद्रात मी निवृत्तीनंतर जाते, तिथे दोन महिन्यांपूर्वी एक रुग्ण आली. चाळिशीची, सिटी बसमध्ये कंडक्टर. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तेव्हा तिचा उजवा पाय जमिनीवर घट्ट रोवलेला होता आणि वरचे अंग तिकीट द्यायला वळलेले होते. म्हणजे नडगीचे हाड जागच्या जागी आणि मांडीचे हाड त्याच्यावर पिळलेले. तुमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही गुडघ्यातली गादी फाटल्याचा संशय आला असता. मला आला नाही. चिठ्ठीवर ‘मुरगळल्यानंतर आखडलेला गुडघा’ असे होते, आणि आखडलेले गुडघे सरळ करण्यात माझा जन्म गेला आहे. ती म्हणाली, “मैडम, यहाँ तक आता है, फिर ऐसा लगता है जैसे दरवाज़े में चप्पल फँसी हो.” मी म्हटले, “फँसी-वँसी कुछ नहीं है, आपका डर है. ढीला छोड़िए.” एक हात टाचेखाली घेतला, दुसरा गुडघ्याच्या वर ठेवला आणि दाबले. आत काहीतरी सरकले. तिने टेबलाची कड धरली आणि डोळे मिटून घेतले. सरळ व्हायला उरलेल्या पंधरा अंशांचे सात अंश झाल्याची मी वहीत नोंद केली.

तुमचे स्वयंपाकघर आठवते. वसतिगृहातली मराठी मुलगी म्हणून रविवारी तुम्ही मला जेवायला बोलवायचात आणि जेवणाआधी तास घ्यायचात. गॅसवर वरण उकळते आहे, तुम्ही पोळपाट उलटा न करता तसाच माझ्यापुढे सरकवता आणि त्यावर गोल बुडाचा तांब्या ठेवता. तांब्या डगमगतो. “हे मांडीचं हाड, हे नडगीचं. असं उभं राहता येईल का तुला?” मग ओले फडके पिळून त्याची चुंबळ करता, तांब्याखाली सरकवता, आणि तांब्या बसतो. “गुडघ्यातल्या गाद्या म्हणजे अशा दोन अर्धचंद्र चुंबळी. गोल आणि सपाट यांचं जमवून देणं, अंगाचा भार पसरवणं, हे त्यांचं काम. त्यांच्याविना हाड हाडावर एका ठिपक्याएवढ्या जागी टेकेल.” मग तांब्या पुढे-मागे करून दाखवता की मांडीचे हाड नुसते गडगडत नाही, गडगडता गडगडता घसरतेही, नाहीतर वाकताना ते मागून खाली पडले असते. आणि शेवटची गोष्ट तुम्ही स्वतः उठून, पाय लांब करून दाखवलीत. गुडघा सरळ होताना अखेरच्या काही अंशांत नडगी थोडी बाहेर वळते आणि सांध्याला कुलूप बसते. पाय मोकळा असला तरी ते वळण डोळ्याला दिसत नाही, हाताला कळते. मला ते कळायला चार रविवार लागले. पाचव्या रविवारी तुम्ही मला तुमचा स्वतःचा कोनमापक दिलात, पितळी, आणि म्हणालात, “आकडा शेवटी. आधी हात.”

आणि मग वॉर्डातला तो दिवस. मी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा गुडघा जोर लावून सरळ करू पाहते आहे, सगळी तुकडी भोवती उभी आहे. “हात काढ,” तुम्ही मराठीत म्हणालात, इतरांना कळू नये म्हणून. पण आवाजावरून सगळ्यांना कळले. “काय लागलं तुझ्या हाताला?”

“कडक लागलं.”

“कडक म्हणजे काय? भिंत, चामडं की स्प्रिंग? भिंत असेल तर हाड आडवं आहे. चामडं असेल तर हळूहळू ताणायचं. स्प्रिंग असेल तर आत काहीतरी अडकलंय, तिथे दाबणारा अडाणी. तू यातली कोण?”

मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या लक्षातही आले नसेल.

कंडक्टरचा गुडघा पुढे सुजला, दुर्बिणीने ऑपरेशन करावे लागले. गादीचा फाटलेला काठ दुमडून मध्ये आला होता, आणि त्यालाही पुढे चीर गेली होती. सर्जन म्हणाले, आधी आली असती तर कदाचित टाके घालता आले असते. आता तो तुकडा काढावाच लागला. तिने तक्रार केली. केंद्राचे संचालक माझ्याहून वीस वर्षांनी लहान, माझ्याशी अदबीने वागणारे. “मैडम, एक लाइन लिख दीजिए कि मरीज़ ने घर पर ग़लत एक्सरसाइज़ की. बस से फटा कि आपके हाथ से, साबित कौन करेगा? मैं तो आपको ही बचा रहा हूँ.” ते खरेच मला वाचवत आहेत. पण ती ओळ गेली की तिचे ऑफिस म्हणणार, दुखापत ड्यूटीवरची नाही, घरची. मग डेपोतले बसून करायचे काम तिला मिळणार नाही. पुन्हा बसमध्ये उभे राहावे लागेल, आणि तसल्या गुडघ्यावर ती किती दिवस उभी राहील हे मला चांगले ठाऊक आहे.

किती फाटले ब्रेकमुळे आणि किती माझ्यामुळे, हे मलाही सांगता येणार नाही. हे मी निवेदनात लिहू शकते, ते खोटे नाही. पण बाई, त्या दिवशी माझ्या हाताला स्प्रिंग लागली होती. पहिल्याच दाबाला. पाय माझ्या तळव्याखाली उसळून परत आला आणि मला कळले. बाहेर नऊ जण बसले होते, माझ्या टेबलावरून कुणी अर्धवट गुडघा घेऊन जात नाही असा माझा लौकिक आहे, आणि मी दुसऱ्यांदा दाबले. हे कुणीच विचारलेले नाही. विचारणारही नाही.

सोमवार, दुपारी. अकराला गेले. संचालकांनी वाचले, चष्मा काढला. “दूसरा पैराग्राफ़ हटा दीजिए. इतना तो किसी ने पूछा भी नहीं.” मी म्हटले, “पूछा नहीं, इसीलिए लिखा है.” ते म्हणाले, उद्यापासून येऊ नका, चौकशी होईपर्यंत. मी बरे म्हटले. कंडक्टर बाहेर काठी घेऊन बसली होती. तिला प्रत दिली. तिने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, दुसऱ्या परिच्छेदावर थांबली.

“आपको पता था?”

“हाँ.”

“मैंने बोला था आपको.”

“बोला था.”

तिने कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. माफी मागायची म्हणून वाक्य तयार करून गेले होते. ते तोंडातून निघाले नाही. तेवढे राहिले.

दिले ते असे: निवेदन, दोन पाने, हिंदीत, माझ्या अक्षरात, प्रत्येक पानावर सही. मूळ प्रत संचालकांकडे, पोच घेतली. दुसरी प्रत रुग्णाच्या हातात, पोच मागितली नाही. तपासणीच्या वहीतले त्या दिवसाचे पान, जसेच्या तसे. खोलीची किल्ली.