चेहरा बाबांचा, नाव भलत्याचं

प्रिय हर्षल,

फोनच करणार होते. पण फोनवर तू हसतोस आणि माझा राग कुठल्या कुठे जातो, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून लिहितेय. आई बरी आहे. थंडी सुरू झाली, तिचे गुडघे कुरकुरायला लागले. बाबाही बरे आहेत असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचा आता कंटाळा आलाय.

मागच्या दिवाळीत तू पुण्याहून, तुझ्या जाहिरातीच्या ऑफिसातला कॅमेरा घेऊन आलास, ती सकाळ आठवते? आपल्या कपाशीची पऱ्हाटी कमरेच्या वर आलेली, बोंडं फुटलेली. बाबा आधी नाहीच म्हणाले. मग आईनं फेटा काढून दिला, तर असे उभे राहिले जसं काही त्यांचंच साक्षगंध आहे. घरासाठी आठवण म्हणून ठेवू, पुढे नातवंडांना दाखवू, असं तू म्हणालास. नाव आणि गाव मात्र तू त्यांना बोलू दिलं नाहीस. ते खाली लिहून टाकू म्हणालास. आपल्या बियाण्याची रिकामी थैली हातात दिलीस. बाबा अगदी मनापासून बोलले, "मी सोता लावलं हाय हे. डोये झाकून लावा, दगा नाई होनार." बाजूला उभी राहून मी फुगून गेले होते. बावळट कुठली!

उन्हाळ्यात बाबांच्या फोनवर पहिला व्हिडिओ आला. फेटा बाबांचा, आवाज बाबांचा, खाली नाव देऊळघाटच्या कुणा शेतकऱ्याचं. आई हसून बेजार झाली. "तुह्या बापाले जुडवा भाऊ हाय का व?" म्हणाली. मग डोणगावचा आला, मग आणखी कुठकुठला. जिथं जावं तिथं बाबा त्याच गावचे! आणि हातातली थैलीही आपली नव्हती, भलत्याच कंपनीची होती. ते बियाणं आपण जन्मात लावलेलं नाही. थैली पाहिली आणि बाबा हसायचे थांबले.

मी बाहेर जाऊन तुला फोन केला, तर तू किती सहज सांगून मोकळा झालास. टेम्प्लेट एकदाच बनवायचं, नाव, गाव आणि थैलीची जागा मोकळी ठेवायची, गावांची यादी जोडून द्यायची. मग कॉम्प्युटर आपोआप एकामागून एक व्हिडिओ काढत बसतो आणि तू चहा प्यायला मोकळा. "ताई, एकदाच मेहनत!" म्हणालास. बियाण्याच्या कंपनीला जाहिरातीत शेतकरी हवा होता, तर तू बाप देऊन टाकलास? मी रडले तेव्हा म्हणालास, थांबवतो. मी विश्वास ठेवला आणि बाबांना काही बोलले नाही. व्हिडिओ येतच राहिले.

आता झुंबरआत्याचं ऐक. डोणगावचा व्हिडिओ तिच्याही फोनवर गेला होता. तिनं दरवर्षीचं वाण सोडलं आणि तेच बियाणं लावलं. परवा आली, पदरातली बोंडं ओट्यावर ठेवून एकेक फोडून दाखवली. ज्यात त्यात गुलाबी अळी. बाबा म्हणाले, अगं, खाली नाव माझं नव्हतं, मग तू लावलंस काऊन? तर म्हणाली, "नाव दुसरं व्हतं, पन तोंड त माह्या भावाचं व्हतं ना. मले वाटलं, नाव टाकनाऱ्याचीच चूक झाली." कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. केलेला चहा तसाच ठेवून निघून गेली. बाबा तिच्यामागे फाटकापर्यंत गेले, तिनं वळून पाहिलं नाही.

बाबांना अजून काही माहीत नाही, हर्षल. त्यांची पक्की समजूत आहे की तुझ्या ऑफिसातून कुणीतरी तो व्हिडिओ चोरला. "माह्या पोराची मेहनत चोरली, त्याचं नाव बदनाम केलं," असं ते गावभर सांगून राहिले आहेत. सोमवारी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला चालले आहेत. स्वतःसाठी नाही, तुला न्याय मिळावा म्हणून. मी सांगायला गेले, पण माझी जीभ रेटत नाही. आणि रेटली तरी माझं ते खरं मानणार नाहीत, तुझंच मानतील. म्हणून हे पत्र. सोमवारच्या आत त्यांना फोन कर आणि चोर कोण आहे ते तुझ्या तोंडानं सांग.

अजून तरी तुझीच,
करिष्माताई