पालखीला खांदा

घाटकोपर, २० फेब्रुवारी

तीर्थरूप आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

माणसाच्या पेशी घातलेले उंदीर सांभाळतोस, यंदा शिमग्यात पालखीला खांदा देऊ नकोस, म्हणालीस. अगं, त्या पेशी फक्त यकृतात असतात. काविळीचं औषध आधी त्यांच्यावर बघतात. दोनशे चौदा उंदीर, सगळ्यांचं वजन मीच घेतो.

त्या पेशी मेंदूतही घालायचं निघालं, तेव्हा प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने उंदीर सांभाळणारा म्हणून नववी शिकलेल्या मलाही बोलावलं. मी विचारलं, “मग त्याला उंदरासारखं दुखेल की आपल्यासारखं?”

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, “चंद्रप्रकाश, ते आम्हालाही ठाऊक नाही.”

मेंदूचं काम थांबलं. मॅडम हल्ली माझ्याशी कमी बोलतात, बाकी झकास. तुझे गुडघे?

खांद्याचं तू ठरव. नको म्हणालीस तर पालखीमागून चालेन. नोकरी मात्र सोडणार नाही. मेंदूचं पुन्हा निघालं, तर विचारायला कोणी हवं ना?

तुझाच,
चंदू