अन्नत्याग आणि बटरस्कॉच

१९ ऑगस्ट, दुपारी ४
चमचा तोंडात असतानाच रामकिसन माझ्या कापडदुकानात शिरला. कामरगावचा शेतकरी, पोळ्याचे कपडे घ्यायला आलेला. म्हणाला, 'काय शेट, भाकर बंद अन् आइस्क्रीम चालू?' समजावलं. शत्रू कार्ब्स आहेत, फॅट नाही. आइस्क्रीममधलं फॅट त्यातल्या साखरेला अडवून धरतं. व्हिडिओत आहे. व्हिडिओ लोण्याबद्दल होता, पण दूध ते दूधच. तो म्हणाला, 'मंग भाकरीवर तूप घेतलं तं भाकर बी चालते की.'
दहावी नापास. मी कप संपवला.

२१ ऑगस्ट
पोळी, भात, भाकरी बंद करून बारा दिवस. जूनमध्ये तीन महिन्यांची सरासरी शुगर ९.४ होती. ८ सप्टेंबरला अकोल्याला पुन्हा तपासणी. आठच्या वरच राहिली तर रोज इन्सुलिनची सुई, असं डॉक्टर म्हणाले. मी सुईला भीत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.
वजन एक किलो वाढलं. काटा जुना आहे.
बायको ज्वारीची भाकरी खाते, दिवसातून एकदाच. तिची शुगर नॉर्मल. योगायोग. मला विचारते, 'ते आइस्क्रीम कोणत्या झाडाले लागते हो?' त्रिशलाला विज्ञान कळत नाही.

२८ ऑगस्ट
आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व सुरू, दहा दिवस व्रत-उपवासांचे. मंदिरात जेवण. मी पोळी-भात परत केला, दूध आणि बदाम घेतले. सेक्रेटरी मयंकनं ते पाहिलं आणि माइकवर जाहीर केलं, 'भागचंदशेट यांनी अन्नत्याग केला आहे!' टाळ्या. मयंक मंद आहे. पण चारचौघांत त्याची चूक काढणं माझ्या स्वभावात नाही.

३० ऑगस्ट, सायंकाळी ७
लोक पाया पडतात. ऐंशी वर्षांच्या पानाबाई म्हणाल्या, 'धन्य रे बापा, जिभेले जिंकलं तू!' बाईंना माणसांची पारख आहे. गावात दुसऱ्या कुणाला नाही.
आइस्क्रीमचं दुकान मंदिरासमोरच. आता मागच्या दारानं जावं लागतं. बटरस्कॉचचा दुसरा कप ६.३८ ला संपवला. सूर्यास्त ६.४१ ला. सूर्यास्तानंतर मी तोंडात काही घालत नाही. शिस्त म्हणतात ती ही.

४ सप्टेंबर
कालपासून रोज तीन कप. तपासणी जवळ आली की शरीराला फॅट जास्त लागतं.

६ सप्टेंबर, चतुर्दशी
मयंकनं निर्जल उपवास करणाऱ्यांची यादी वाचली. पहिलं नाव माझं. मी हात जोडले. दुसरं काय करणार? त्रिशलानं कानात विचारलं, 'गोळीचं काय?' तीही बंद.
दुपारी घेरी आली. शेजारी बसलेल्याला ते ध्यान वाटलं.
फायदा असा की एका दिवसाच्या उपवासानं तीन महिन्यांची शुगर झपाट्यानं खाली येत असणार.

७ सप्टेंबर
पारणं. मला खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार. मयंकनं विचारलं, इतकं सोडल्यावर शेट आता आणखी काय सोडणार? मी नम्रपणे म्हणणार होतो, काही उरलंच नाही. त्याआधीच त्रिशला उभी राहिली. 'बाजारचं आइस्क्रीम,' म्हणाली. 'जन्मभर. तेवढंच राह्यलं.'
लोक हसले. पानाबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे पाहत राहिल्या. मंदिराच्या पंडितजींनी तिथंच तसा नियम दिला, म्हणजे जन्माचं व्रत. मी हात जोडले.
बायकोनं नवऱ्याला असं उघडं पाडू नये. असो. कुल्फीचं नाव कुणी घेतलेलं नाही.

८ सप्टेंबर, सकाळी
अकोला. शुगर १०.६. इन्सुलिन सुरू. डॉक्टरांनी सुई कशी द्यायची ते त्रिशलाला शिकवलं. पहिली तिनंच टोचली. मी भिंतीकडे पाहत होतो.